खारट हात

आमच्या गावात ज्या बाईच्या हातात पीठ फुगत नाही तिला खारट म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पाठीमागे म्हणतात, पण तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मी एकतीस वर्षं खारट होते. माझं नाव ओब्दुलिया, घरात दुलिया, आणि धुण्याच्या टाक्यांपासून देवळाच्या पायरीपर्यंत सगळीकडे साबिनाची खारट सून.

साबिना माझी सासू. सणाचा पाव करावा तर तिनेच, असं पार अपिसाकोपर्यंत लोक म्हणायचे. मुलीला मागणी घालायला जायचं असलं की मुलाकडचे आधी आमच्या भट्टीवर यायचे आणि मग पाद्रीबाबाकडे जायचे. पाव टोपलीएवढा रुंद, वर तीळ, आत बडीशेप, आणि तोडला की कापसासारखे धागे सुटायचे. त्यात यीस्ट नाही, पावडर नाही, फक्त पुल्के. घायपाताचं पोट खरवडून सकाळी गोड रस काढतात, तो जुन्या विरजणात ओततात, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं पांढरं, आंबूस, चिकटसर पुल्के होतं. पुरुष ते पितात आणि एकमेकांना अक्कल शिकवतात. आमच्या घरी ते पिठात जायचं.

आणि मी? मी लाकडं फोडायची. पीठ चाळायची. भट्टीतली राख ओढायची, ओल्या झाडूने तिचा तळ पुसायची, लांब दांड्याच्या फळीवरून पाव आत सरकवायची आणि बाहेर काढायची. भट्टी किती तापली हे मी आत हात घालून सांगू शकते. पण काथवटीला हात लावायचा नाही. सासूने पुल्के तापवायला घेतलं की ती स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायची. "दुलिया, तू बाहेर हो. तुझ्या नाकावर कायम राग. रागावलेल्या बाईने नुसतं बघितलं तरी पीठ बसतं."

राग तर होताच. का नसेल? बाहेर उभं राहून दाराच्या फटीतून येणारा वास घ्यायचा, आणि वर ऐकून घ्यायचं की माझ्यामुळे पीठ बसतं. पण खरं सांगते, माझा त्यावर विश्वास होता. आमच्याकडे सगळ्यांचाच असतो. मक्याच्या पिठाच्या तामाली चुलीवर वाफेला लावल्या असताना घरात भांडण झालं तर त्या कच्च्या राहतात, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि मी तर माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मी तीनदा पीठ मळलं आणि तिन्ही वेळा ते काथवटीत मेल्यासारखं पडून राहिलं.

पहिल्यांदा सासू म्हणाली, नवी आहे, शिकेल. दुसऱ्यांदा नणंद हसली. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही, कारण तिसऱ्या पिठावर बरंच काही अवलंबून होतं. माझा नवरा फिदेन्सिओ अपिसाकोच्या बाजारात गाळा बघून आला होता. आम्ही दोघांनी तिथे राहायचं, मी पाव करायचे, त्याने विकायचे. गाळेवाल्याने नमुन्याला एक टोपली मागितली होती. त्या टोपलीत टाकायला माझ्याकडे बारा विटा होत्या. फिदेन्सिओ विटांकडे बघत राहिला, मग माझ्या हातांकडे. पुढच्या वर्षी तो एकटाच उत्तरेला गेला, सरहद्दीपलीकडे. दोन वर्षं पत्रं आली. मग तिथे त्याने दुसरी केली, असं दुसऱ्यांच्या पत्रांतून कळलं. मूलबाळ झालं नव्हतं. सासू धुण्याच्या टाक्यांवर सगळ्यांसमोर म्हणाली, "जिच्या हातात पीठ फुगत नाही, तिच्या पोटात काय फुगणार?" बायका खाली मान घालून कपडे घासत राहिल्या.

मग तू गेली का नाहीस, असं कोणी विचारलं तर मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटते. कुठे जायचं? माहेरी भाऊ, भावजय, आणि अंथरायलासुद्धा जागा नाही. राहिले. शेवटची सात वर्षं सासूचे पाय गेले, तेव्हा तिला उचलणं, पुसणं, भरवणं सगळं मी केलं. ती खाटेवरून काथवटीतलं पीठ मळायची. काथवट मी तिच्या मांडीशी धरून उभी राहायची, तोंड भिंतीकडे करून. पुल्के तापवायला मात्र नणंद पुएब्लाहून यायची. जूनमध्ये सासू गेली. मरताना माझा हात धरला आणि म्हणाली, "भट्टी विझू देऊ नकोस." पुल्के कसं घालायचं ते सांगितलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी नणंदेचा फोन आला. तिचं नाव रेफुहिओ, पण आम्ही सगळे तिला कुका म्हणतो.

"वहिनी, आईचा पहिला नैवेद्य आहे. मी इथल्या बेकरीतून पाव आणते. तू त्रास घेऊ नकोस."

"घरात भट्टी असताना विकतचा पाव?"

"अगं, पण करणार कोण? तू?" आणि ती हसली. वाईट हेतूने हसली नाही, तेच तर जास्त लागलं. "तुझ्या हाताचं तुलाच माहीत आहे. सगळी गल्ली येणार आहे बघायला. आईची शोभा नको व्हायला."

"मी करणार," मी म्हटलं.

"वहिनी, हट्ट करू नकोस."

"मी करणार म्हटलं ना! नाही फुगला तर तुझा पाव ठेव, आणि भट्टीची जागा तुला विकायचीच आहे ना, ती वीक. मी सही देते."

बोलून गेले. आमच्याकडे पहिल्या वर्षीच्या मृताचा नैवेद्य घरच्या हाताचा लागतो, आणि एक तारखेला दुपारी बाराच्या घंटेला मेलेली मोठी माणसं घरी येतात. त्याआधी पाव टेबलावर पाहिजे. हातात पाच दिवस होते.

मी काही वेडी नाही. पुल्केच्या वाटेला जायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. ते माझं ऐकत नाही, तर नाही. पाकिटातलं यीस्ट आणायचं, त्याला कुठे माहीत आहे मी खारट आहे! गेले फेमियाच्या दुकानात.

"यीस्ट?" फेमिया म्हणाली. "या दिवसांत? बुधवारीच संपलं. सगळं गाव मृतांचे पाव करतंय. गाडी येणार आता तीन तारखेला."

"तीन तारखेला मृत परत गेलेले असतील."

"त्यांना सांग थांबायला." ती स्वतःच्याच विनोदावर हसली. मग जरा पुढे वाकली. "तुला कशाला पाहिजे गं? तू करणार आहेस?"

"हो."

"अगं बाई!" एवढंच म्हणाली, पण दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. तिने मला बेकिंग पावडरचा डबा दिला. वर म्हणाली, हेही तेच काम करतं.

तेच काम करतं म्हणे! तिच्या डोंबलाचं काम. पावडरीत सोडा असतो आणि सुकं आंबट असतं, दोघं डब्यात गपगुमान बसलेले. पाणी लागलं की एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि फसफसतात. भट्टीत आच लागली की पुन्हा एकदा. झालं, संपलं. जे काय फुगायचं ते तेवढ्यात. पीठ मुरत नाही, ताणलं जात नाही, त्याला स्वतःचा असा वास येत नाही. निघाला तो केक. बरा होता, शेजारच्या पोरांनी खाल्ला. पण तोडल्यावर भुगा पडला, धागा सुटला नाही. साबिनाच्या नैवेद्यावर भुगा ठेवला असता तर फेमियाला वर्षभर बोलायला पुरला असता.

दुसऱ्या दिवशी नुसता खायचा सोडा घेतला आणि त्यावर लिंबू पिळलं. सोड्याला आंबट लागतंच, नाहीतर तो ढिम्म. मला त्याचा स्वभाव कळतो, माझ्यावरही कोणी आंबट ओतलं की मी अशीच उसळते. पण लिंबू कमी पडलं, उरलेल्या सोड्याने पाव पिवळा पडला आणि चवीला कपडे धुवायच्या साबणासारखा लागला. मग तेकेस्कीते. तळं आटलं की काठावर जो खार फुटतो तो. हिरव्या टोमॅटोची सालपटं त्याच्याबरोबर उकळायची आणि ते पाणी गाळून मक्याच्या पिठात घालायचं, तामाली अशा हलक्या होतात की बोलायची सोय नाही. म्हटलं, मक्याला चालतं तर गव्हाला का नाही? नाही चालत. पाव हिरवट झाला, खारट झाला. खारट बाईचा खारट पाव! मी भट्टीसमोर बसून आधी हसले आणि मग रडले. अंड्याचा पांढरा बलक फेटून तोही प्रयोग केला असता, पण कोंबड्यांनी साथ दिली नाही.

तीस तारखेच्या सकाळी मी मेलितोनकाकांकडे गेले. ते घायपातवाले. ऐंशी वर्षांचा म्हातारा, पण अजून गाढव घेऊन रानात जातो आणि रस काढून आणतो. सासूला आयुष्यभर पुल्के त्यांनीच दिलं. म्हटलं, आता गळ्यापर्यंत आलंय, काय होईल ते होवो.

"काका, पुल्के द्या. पावासाठी."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू करणार? साबिना म्हणायची, तुझ्या हाताला यश नाही."

"सगळं गाव म्हणतं. तुम्ही आणखी नका म्हणू."

"मी कुठे म्हणतोय? मी ती काय म्हणायची ते सांगतोय." त्यांनी मडक्यावरचं फडकं काढलं. आत बारीक बारीक बुडबुडे वर येऊन फुटत होते. "बघ. जिवंत आहे हे. दिसत नाहीत एवढे जीव आहेत यात. ते गोड खातात आणि श्वास सोडतात. तो श्वास पिठात अडकतो म्हणून पीठ वर येतं. दुसरं काही नाही. त्यांना तुझा राग-लोभ काय कळतो? त्यांना फक्त खायला पाहिजे आणि ऊब पाहिजे."

"किती ऊब?"

"तान्ह्या पोराला आंघोळ घालशील तेवढी. करंगळी बुडवून ठेवता आली पाहिजे. करंगळी पोळली तर समज सगळे मेले. मग ते पुल्के नाही, सूप आहे. प्यायलीस तर पोटात जाईल, पण पीठ फुगवणार नाही." मग लोटी भरता भरता म्हणाले, "हे माझ्या आईने साबिनाला शिकवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा. इथेच, या दगडावर बसून. साबिना कधी विसरली नाही."

मी लोटी घेतली. कोमट पण नव्हती, गारच होती. ती हातात धरून मी रस्त्याने निघाले आणि सावली नाही, काही नाही, भर उन्हात रस्त्याच्या मधोमध थांबले.

कारण मला दुसरी लोटी आठवली. एकतीस वर्षांपूर्वीची. सासू आतून पुल्के तापवून पाठवायची. कुका तेव्हा सोळा वर्षांची. ती ती लोटी फडक्यात गुंडाळून, हात लांब धरून, चवड्यांवर चालत आणायची आणि म्हणायची, "वहिनी, धर पटकन!" मी एप्रनमध्ये धरायची, तरी पोळायची. तिसऱ्या वेळी थोडं हिंदकळलं आणि माझ्या मनगटावर सांडलं. फोड आला होता. डाग अजून आहे, तांबूस, नाण्याएवढा. एकतीस वर्षं रोज बघते. एकदाही डोक्यात आलं नाही की हे इतकं गरम का होतं.

घरी आले आणि स्वतःशीच वाद घातला. म्हटलं, दुलिया, म्हातारी मेली आहे, तिच्यावर काहीही घेऊ नकोस. चुकून उकळलं असेल. चूल मोठी असेल. तिन्ही वेळा चुकून? जिने आपल्या पिठाला कधी एक अंश जास्त आच लागू दिली नाही, ती फक्त माझ्या वेळेला चुकणार? जिला मी सात वर्षं उचललं, जिची पाठ पुसली, तिच्याबद्दल असा विचार मला करवत नव्हता. म्हणून मी ठरवलं, विचार करायचाच नाही, करून बघायचं.

लोटीतलं पुल्के दोन भांड्यांत ओतलं. एक कोमट केलं, करंगळी बुडवून, तान्ह्या पोराची आठवण काढत, जे मला कधी झालं नाही. दुसरं खदखदून उकळू दिलं. मग तेही निवू दिलं, म्हणजे फरक फक्त एवढाच राहावा. एकच पीठ, एकच चरबी, एकच गूळ, तीच बडीशेप. दोन्हींत थोडं पीठ कालवून झाकून ठेवलं. एकतीस तारखेच्या सकाळी उरलेलं पीठ घालून मळायला बसले. दार सताड उघडं ठेवलं.

आणि राग? बाई गं, असा राग मला जन्मात आला नव्हता. मी त्या पिठाला आपटत होते, मुठीने ठोसत होते, आणि प्रत्येक ठोशाला एक शिवी. सासूला, कुकाला, फिदेन्सिओला, टाक्यांवरच्या बायकांना, त्या गाळेवाल्यालासुद्धा. माझ्या आईने ऐकलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. दोन्ही गोळ्यांना सारखाच मार दिला आणि सारख्याच शिव्या दिल्या. मग फडकी टाकली आणि भट्टी पेटवायला गेले.

तीन तासांनी परत आले तर डावीकडच्या, कोमट पुल्केच्या, काथवटीवरचं फडकं वर उचललं गेलं होतं. पीठ कडेवरून खाली यायला निघालं होतं. बोट लावलं तर थरथरलं. उजवीकडच्या परातीत गोळा होता तिथेच, होता तेवढाच, माझ्या ठोशाचे वळ अजून त्यावर तसेच.

मी दोघांच्या मध्ये बसले. आनंद व्हायला पाहिजे होता ना? मला तो झाला नाही. मी आधी डाव्या हाताकडे बघितलं, मग उजव्या. चांगले हात होते. पहिल्यापासून चांगले होते. बावन्नाव्या वर्षी मला ते कळलं.

मग उठून दोन्ही भाजले. डावीकडचे पाव भट्टीत आणखी वर आले, तीळ फुटले, वास बाहेर रस्त्यावर गेला. उजवीकडचा एकच केला. तो निघाला तसाच, तपकिरी, जड, टेबलावर ठेवला तर ठक्क वाजला. तो खिडकीत ठेवला, डुकराला टाकू म्हणून.

एक तारखेला सकाळी राखलेल्या पिठात दुसरा घाणा मळून ठेवला आणि मी नैवेद्य मांडला. झेंडूची कमान, धूप, पाण्याचा पेला, मिठाची वाटी, मोलेचा दाट रस्सा, पुल्केचा पेला, आणि मध्ये सासूचा फोटो. फोटोत ती काथवटीशी उभी आहे, बाह्या वर करून. सगळ्यात मोठा पाव फोटोसमोर ठेवला आणि त्यावर भरतकामाचा रुमाल टाकला. खरं सांगू? त्या क्षणापर्यंत मी तिला संशयाचा फायदा द्यायला तयार होते. मेलेल्या माणसाशी किती भांडायचं? म्हटलं, पाव फुगला, गल्लीने बघितला, माझं नाव धुतलं गेलं की पुरे.

साडेअकराला, दुसरा घाणा भट्टीत सरकवते न सरकवते तोच कुका आली. हातात बेकरीचा मोठा खोका, रिबीन लावलेला. पाठोपाठ फेमिया आणि गल्लीतल्या सहा-सात बायका, हातात मेणबत्त्या, डोळे रुमालाखाली काय आहे तिकडे.

"दाखव गं," फेमिया म्हणाली. "आम्ही काय नुसता धूप घ्यायला आलो?"

मी रुमाल काढला.

सगळ्या पुढे वाकल्या. मग मी टोपलीतला दुसरा एक पाव घेऊन तोडला, आणि तो तसाच सुटला, धाग्याधाग्याने. फेमियाने तुकडा तोंडात टाकला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तोच! अगदी तोच! साबिना आली गं बायांनो! तीच मळून गेली!"

"होय होय," दुसरी म्हणाली. "पहिल्या वर्षी आत्मा घरातच असतो. तिनेच हात लावला असणार."

"नाहीतर हिच्या हातात—" तिसरी म्हणाली आणि थांबली.

सगळ्यांनी फोटोकडे बघून क्रुसाची खूण केली. मी तिथेच उभी, कोपरापर्यंत पीठ लागलेली, बोटं सुजलेली. मला वाटलं, ओरडावं. पण तेवढ्यात माझं लक्ष कुकाकडे गेलं. ती क्रुसाची खूण करत नव्हती. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. तिने पावाला बोट लावलं, मग माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं,

"वहिनी, पुल्के कोणी तापवून दिलं तुला?"

बस्स. एवढंच. पीठ कुठलं, हे नाही. किती वेळ ठेवलं, हे नाही. ज्याला काही माहीत नाही तो माणूस हा प्रश्न विचारत नाही.

"कोणी का द्यायला पाहिजे?" मी म्हटलं. "मी माझं तापवलं. करंगळी बुडेल एवढं."

तिने खाली बघितलं.

"तू आणायचीस ना लोटी? फडक्यात गुंडाळून?" मी बाही वर केली आणि मनगट तिच्या नाकासमोर धरलं. "चवड्यांवर चालत?"

बायका मेणबत्त्या घेऊन जवळ सरकल्या. धुपाचा निखारा तडतडला.

"मी सोळा वर्षांची होते वहिनी," कुका म्हणाली. तिचा आवाज खरोखरच सोळा वर्षांच्या मुलीसारखा झाला. "आई म्हणाली, हिला पाव जमला तर दादा घर सोडून अपिसाकोला जाईल. म्हणाली, एकदोनदा फक्त. मग तो विषय निघेनासा होईल."

"अपिसाकोला," मी म्हटलं. "बसने अर्ध्या तासावर. दर रविवारी आला असता तुमचा दादा, मला घेऊन, पोरांना घेऊन. त्यापेक्षा कुठे गेला बघ! मरताना आईच्या तोंडात पाणी घालायलाही आला नाही. ते मीच घातलं."

"मी किती वेळा सांगायचं ठरवलं—"

"एकतीस वर्षांत वेळ मिळाला नाही का गं? पुएब्लाहून दर सणाला येत होतीस. माझ्यासमोर दार लावून घेत होतीस."

ती रडायला लागली. फेमिया पुढे आली, "जाऊ दे दुलिया, आजच्या दिवशी नको, आत्मे येतात आज—"

"येऊ देत की! मी तिचीच वाट बघतेय."

मी फोटोसमोरचा पाव उचलला. त्याचे तुकडे केले आणि एकेकीच्या हातात दिले, कुकाच्याही. मग खिडकीतून तो दुसरा आणला, डुकराला टाकायचा राहिलेला, आणि फोटोसमोर ठेवला. ठक्क वाजला. झेंडूची एक पाकळी त्याच्याखाली चिरडली.

"वहिनी, हे काय? आईला हे ठेवणार?" कुकाने माझा हात धरला. "अगं, वर्षभर वाट बघून येते ती. एवढा लांबचा प्रवास करून. आज तरी नको. हे कोण खाईल?"

"तिच्याच कृतीचा आहे," मी म्हटलं. "पुल्के खदखदून उकळलंय. मला शिकवलं तसंच केलंय, काही कमी नाही, काही जास्त नाही."

"दगड आहे हा!"

"तिला एक दिवस खायचाय. मी एकतीस वर्षं खाल्लाय."

बाराची घंटा सुरू झाली. बायका हातात तुकडे घेऊन उभ्या राहिल्या, कोणी खाईना, कोणी खाली ठेवीना. कुका फोटोसमोर गुडघे टेकून बसली, पण त्या पावाला हात लावायची तिची हिंमत झाली नाही. भट्टीत माझा दुसरा घाणा होता. तो काढायला मी बाहेर गेले.